अप्पांचं पथ्य

अप्पांचे डोळे पिवळे दिसले तेव्हा मी त्याला कावीळ म्हटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. पुढे डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं, तरी मी कावीळच म्हणत राहिले आणि घरातही तेच म्हणायला लावलं. त्या दुसऱ्या म्हणण्याचं काय झालं ते आज लिहायला बसले आहे.

दुष्काळ सरून पाऊस नीट झाला ते वर्ष. मी सव्वीस वर्षांची होते, सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि लग्न झालेलं नव्हतं. आमच्या गल्लीत एम.एस्सी. झालेली मी एकटीच. त्यामुळे कुणाला ताप आला तरी मला विचारायचे आणि रेशनकार्डावरचं नाव चुकलं तरी मलाच. या विचारण्यानं माणूस बिघडतो. मी बिघडले होते. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि आपलंच खरं. अव्वा म्हणायची, हिच्याशी बोलायचं तर आधी अर्ज लिहून द्यावा लागतो. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असायची, त्यामुळे आई अव्वा आणि वडील अप्पा.

अप्पा होटगी जंक्शनवर सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते सांधे बदलण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. उंच, हडकुळे, बोलायला कमी. खाण्याचे मात्र भलतेच शौकीन. सकाळी कडक भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगाची चटणी, चटणीवर तेलाची धार, एवढं मिळालं की त्यांचा दिवस लागायचा. जेवताना ते डोळे मिटून घ्यायचे. अव्वा लटक्या रागानं म्हणायची की चटणीसमोर बसलेत की पिंडीसमोर तेच कळत नाही.

श्रावणात त्यांची भूक गेली, अंगाला खाज सुटली आणि डोळे पिवळे झाले. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उजव्या बरगडीखाली बोटं रुतवून बराच वेळ चाचपलं. फोटो काढले, रक्त घेतलं, सुईनं तुकडा काढून पुण्याला पाठवला. पुण्याचा कागद आला त्या दिवशी त्यांनी मला एकटीलाच आत बोलावलं. यकृताचा कॅन्सर. कापता येणार नाही. मुंबईला नेलं तरी तेच सांगतील. दिवाळी बघतील असं वाटत नाही. मी रसायनशास्त्राची असल्यामुळे त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि मीही मान डोलावत ऐकलं, एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रयोगाची वही तपासावी तसं.

बाहेर बाकावर अप्पा बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, काय म्हणाले.

"कावीळ," मी म्हणाले. "जरा जुनी झालीय. पथ्य पाळायला लागेल."

"बरं," अप्पा म्हणाले आणि चपला घालायला वाकले.

अव्वाला मी दुसऱ्या दिवशी सार्वजनिक नळावर गाठून सांगितलं, घरी भिंती पातळ होत्या म्हणून. तिनं घागर खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग विचारलं की त्यांना सांगितलंस का. मी म्हटलं, नाही, आणि तूही सांगायचं नाहीस, कळलं तर माणूस आधीच हाय खाऊन जाईल. आमच्याकडे त्या रोगाचं नावसुद्धा कुणी घ्यायचं नाही, 'मोठा रोग' म्हणायचे. अव्वानं माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला. त्या दिवसापासून आम्ही दोघी एका घरात नाटक करायला लागलो आणि दिग्दर्शक मी होते.

एकदा कावीळ म्हटलं की पुढचं सगळं आपोआप येतं. आमच्या भागात कावीळ झाली की डॉक्टरवर कुणी थांबत नसे. अप्पांनीच विषय काढला. होटगीच्या पलीकडे कोसभर एका वाडीत एक म्हातारी काविळीचं औषध देते, रेल्वेतल्या कितीतरी लोकांना गुण आलाय, जाऊ या. नको म्हणायला मला कारण सापडेना. कावीळ असलेल्या माणसाला काविळीच्या औषधाला जाऊ नको कसं म्हणणार?

आम्ही रविवारी पहिल्या पॅसेंजरनं होटगीला गेलो. फलाटावर अप्पांना सगळे ओळखत होते. केबिनमधून कुणीतरी हात केला, चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. पुढे बैलगाडी. म्हातारीचं घर शेताच्या बांधाला होतं, समोर कडुलिंबाखाली पाच-सहा पिवळी माणसं गुपचूप बसलेली. तिथले नियम त्यातल्याच एकानं आम्हाला सांगितले. औषध अनशापोटी घ्यायचं. पैसे द्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत. झाडाचं नाव विचारायचं नाही. घरामागच्या भिंतीआड देणारी आणि घेणारा दोघंच जाणार, तिसऱ्यानं बघायचं नाही. आणि परतताना गावाची शीव ओलांडेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. यातलं काही मोडलं तर औषधाचा गुण जातो. मी मनातल्या मनात हसले. माझ्या प्रयोगशाळेतही नियम होते, पण त्यांना निदान कारणं होती.

म्हातारी नव्वारी लुगड्यातली, कपाळावर भस्माचे पट्टे, कानडीच जास्त बोलणारी. ती अप्पांना घेऊन मागे गेली. बाकीच्यांना दोन-दोन मिनिटं लागली होती, अप्पांना चांगली अर्धी घटका लागली. बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं, मिशा ओल्या होत्या. मी म्हातारीला पथ्याचं विचारलं, तर ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "त्येला सांगितलंय." शीव ओलांडल्यावर मी अप्पांना विचारलं. ते बैलांच्या पाठीकडे बघत होते.

"तुला तर म्हाईत हाय की," ते म्हणाले. "काविळीचं असतंय तेच."

काविळीचं पथ्य कुणाला माहीत नाही? तेल नाही, तिखट नाही, हळद नाही, मीठ नाही. मी घरी येऊन अव्वाला सगळं सांगितलं आणि शेंगाच्या चटणीचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला.

आता माझ्या चोरीबद्दल सांगते. पहिल्या रविवारी निघताना म्हातारीच्या पाट्यापाशी एक काडी पडलेली दिसली. मी पदर सावरायचं निमित्त करून ती उचलली. चिंचेसारखी बारीक पानं, पानांखाली ओळीनं मोहरीएवढी हिरवी फळं. सोमवारी वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवली. सर वयानं मोठे, सौम्य. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले की ही तर भुईआवळी, आपल्याच कॉलेजच्या गटाराकाठी हवी तेवढी आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा आधी विरस झाला. मग मी ती काडी टेबलावरून उचलून रुमालात गुंडाळून घेतली.

कारण मला सदाफुली ठाऊक होती. कुणाच्याही अंगणात उगवणारी, शेळीसुद्धा तोंड न लावणारी, आणि तिच्या पानांतून रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध काढलेलं होतं. ते मी वर्गात शिकवायची, तेही फार ऐटीत. मधुमेहासाठी म्हणून पानं तपासायला घेतली आणि निघालं भलतंच. मग भुईआवळीत का नसावं? शेकडो वर्षं लोक यकृतालाच ती देत आलेत. अप्पांनी सांगितलं होतं की म्हातारी वाटीभर ताकात चिमूटभर पाल्याची चटणी करून देते. त्यातलं सत्त्व काढून, घट्ट करून दिलं तर? दोन महिन्यांचे चार झाले तर? चाराचं वर्ष झालं तर? मला अप्पा हवे होते. त्या वेळच्या माझ्या सगळ्या विचारांच्या तळाशी एवढंच होतं, आणि मी त्याला संशोधन म्हणत होते.

सरांना मी खरं सांगितलं, घराबाहेर फक्त त्यांनाच. त्यांनी मला समोर बसवलं. सदाफुलीचं अर्धंच सांगतेस तू वर्गात, ते म्हणाले. टनभर पाल्यातून चिमूटभर मिळतं, आणि ती चिमूट माणसाला देण्याआधी किती उंदीर मेले, किती वर्षं गेली, मात्रा जरा चुकली तर काय होतं, तेही सांगत जा. अर्क काढणं वेगळं, तो पाजणं वेगळं. शिवाय घट्ट करताना चांगलं तेवढंच घट्ट होतं असं थोडंच आहे, वाईटही होतं. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली.

दर रविवारी म्हातारीकडे जात होतोच. दुसऱ्या खेपेपासून पाट्यापाशी एक-दोन काड्या नाही, चांगली जुडी पडलेली असायची. मला वाटायचं म्हातारी वयानं विसरभोळी झालीय. मी ती पिशवीत घालायची. गटाराकाठचीही उपटून आणायची. सावलीत वाळवायची, लोखंडी खलात कुटायची. मग सॉक्सलेट लावायचं. त्या काचेच्या उपकरणात खाली स्पिरिट तापतं, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, थेंब थेंब पाल्यावर पडते आणि पाल्यातलं जे विरघळेल ते घेऊन पुन्हा खाली उतरते. तासन् तास हेच चालतं. शेवटी स्पिरिट उडवून टाकलं की बशीत काळपट हिरवा चिकट गोळा राहायचा, डिंकासारखा. कडू इतका की जिभेवर टोक लावलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कडू लागायचा. आधी चार दिवस मी स्वतः घेतला. मला काही झालं नाही. मला यकृताचा कॅन्सर नव्हता, ही गोष्ट मी हिशेबात धरली नाही.

ज्वारीच्या भाजलेल्या पिठात मळून मी त्याच्या गोळ्या केल्या. अप्पांना सांगितलं की हे त्याच औषधाचं सत्त्व आहे, मी कॉलेजात काढलंय. त्यांनी गोळी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली.

"तू केलीस व्हय?" त्यांनी विचारलं, आणि पाणी न घेताच गिळली.

मग मी वही घातली. तारीख, वजन, लघवीचा रंग, नखांचा रंग, खाज आहे की नाही, झोप किती. प्रयोगाचा पहिला धडा असा की एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. म्हणून अप्पांचं खाणंही मी बांधून टाकलं. सकाळी अळणी पेज, दुपारी ज्वारीची अळणी भाकरी आणि मुगाचं पाणी, संध्याकाळी पुन्हा पेज. रोज तेच, तेवढंच. म्हातारीचं पथ्य आणि माझं शास्त्र असं एका ठिकाणी येऊन मिळालं म्हणून मला समाधान वाटलं होतं. ताटावर बसल्यावर अप्पा आता डोळे मिटत नसत. भिंतीकडे बघत घास गिळायचे, औषध गिळावं तसा. मी समोर बसून बघायची आणि ताट रिकामं झालं की वहीत खूण करायची.

आणि त्यांना बरं वाटायला लागलं. खाज कमी झाली. गल्लीच्या टोकापर्यंत फिरून यायला लागले. रविवारी होटगीला जायचं म्हटलं की शनिवारपासून दाढी करून तयार. म्हातारीकडून परतताना तर त्यांचा चेहरा असा उजळलेला असायचा की मी वहीत 'रविवारी प्रकृती विशेष चांगली' असं दोनदा लिहिलंय. दिवाळी आली. डॉक्टरांनी नाही म्हटलेली दिवाळी अप्पांनी पाट मांडून, उटणं लावून घेऊन साजरी केली. डॉक्टरांना मुद्दाम जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, कधीकधी असं होतं, रोग थोडा थांबतो. मला तो त्यांचा हेवा वाटला. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते मी झाले होते. मनातल्या मनात पेपर लिहायला घेतला होता.

पाडव्याच्या दिवशी सुट्टी असूनही प्रयोगशाळेतलं काम उरकून दुपारी घरी आले तर दारातच लसणाचा वास. अप्पा पाटावर बसले होते, ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, तेलाची धार. अव्वा समोर पंखा घेऊन. सणाचं म्हणून तिनं फळीवरचा डबा काढला होता. अप्पांनी पहिला घास घेतला होता आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"अव्वा, तुला मारायचं हाय का त्यांना?"

शेजारच्या घरातली बोलणी थांबली. मी थांबले नाही. तीन महिन्यांची मेहनत, अडाणीपणा, एका घासानं सगळं मातीत, असं बरंच बोलले. अप्पांनी ताट स्वतःच बाजूला सारलं. म्हणाले की तिला काही बोलू नको, मीच मागितलं, पुन्हा मागणार नाही. हात धुऊन ते आत जाऊन पडले. अव्वा ताटाशी बसून राहिली. मी वही काढून त्या तारखेखाली लाल शाईनं 'पथ्य मोडले' असं लिहिलं.

आठ दिवसांत अप्पांचं पोट फुगायला लागलं. पाणी झालं होतं. ते कधीतरी होणारच होतं, रोगाची वाटच तशी. पण माझ्याकडे तारीख होती आणि लाल शाई होती. मी वही उघडून अव्वाला दाखवली. बघ, म्हटलं, या दिवसापासून. तिला वाचता येत नव्हतं, लाल रंग तेवढा दिसला. आजही ते आठवलं की मला माझी किळस येते.

मी गोळ्या दुप्पट केल्या. अप्पांना उलट्या व्हायला लागल्या, पोटात पीळ पडायला लागले. तरी ते हात पुढे करायचे आणि मी हातावर गोळी ठेवायची. असे पाच दिवस मी चालू दिलं. सहाव्या दिवशी उलटीत रक्त दिसलं तेव्हा सरांकडे धावत गेले. त्यांनी मी काही सांगायच्या आत विचारलं, "अजून देतेस का?" मी घरी येऊन उरलेल्या गोळ्या मोरीत टाकल्या. रक्त रोगानं आलं की माझ्या गोळीनं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. सरांना विचारलं, डॉक्टरांनाही फिरवून फिरवून विचारलं. कुणी हो म्हणालं नाही आणि नाहीही म्हणालं नाही. पुढे नोकरीत असेतो मी यकृत आणि वनस्पती यांच्याबद्दल जे हाती लागेल ते वाचलं. भुईआवळीवर कुठे काही आलं की आधी मात्रा बघायची. त्यातूनही उत्तर मिळालं नाही. उत्तर मिळायला माझी वही नीट असायला हवी होती, आणि ती नव्हती. ते पुढे सांगते.

होटगीला जाणं बंद झालं. डॉक्टर घरी आले, बाहेर येऊन मला म्हणाले की आता काय हवं ते खाऊ द्या. मी हो म्हटलं आणि दिलं नाही. गोळ्या थांबवल्या होत्या, आता पथ्यही सोडायचं म्हणजे काहीच उरत नव्हतं. पथ्य चालू आहे तोवर कावीळ आहे आणि कावीळ आहे तोवर अप्पा आहेत, असं काहीसं डोक्यात होतं. मार्गशीर्षात एका सकाळी अव्वानं त्यांना चार चमचे पेज पाजली, अळणी. पाचवा चमचा ओठातून बाहेर आला.

आमच्यात पुरतात. माती दिली, तिसरा दिवस झाला. बायका समाचाराला यायच्या आणि अव्वा प्रत्येकीला एकच सांगायची की मीच घातला तो घास, माझ्या हातानं गेलं माझं माणूस. मी आतल्या खोलीत असायची. मला ऐकू यायचं. उठून बाहेर जावं आणि सांगावं की अव्वा, त्या घासानं काही झालेलं नाही, एवढं मला सुचत होतं. पण ते सांगितलं की पाठोपाठ माझ्या गोळ्यांचा प्रश्न उभा राहणार होता. मी गप्प बसले. महिनाभर गप्प बसले.

आमच्याकडे औषध देणाऱ्याला रोग्याचं शेवटी काय झालं ते कळवायची रीत आहे. अव्वा म्हणाली, जाऊन ये. मी एकटी होटगीला गेले. म्हातारी पाटा धुवत होती. अप्पा गेले म्हटल्यावर तिनं हात पुसले आणि मला शेजारी बसवून घेतलं. शेवटी खात काय होता, असं विचारलं. मी सांगितलं की पथ्य शेवटपर्यंत पाळलं, एकदाच मोडलं, ते पाडव्याला, माझ्या आईनं.

"कसलं पथ्य, यव्वा?" म्हातारी म्हणाली. "मी कुटं पथ्य सांगितलं?"

मग तिनं कानडी-मराठीत, सावकाश, सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी भिंतीआड तिनं अप्पांच्या पोटाला हात लावला होता. ही माझ्या औषधाची कावीळ नाही, आत गाठ आहे, मन मारू नको, वाटेल ते खा, असं तिनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. अप्पा म्हणाले होते की मला ठाऊक आहे, दवाखान्यात पोरगी बाहेर आली तेव्हाच तिच्या तोंडावरून कळलं. पण तिला वाटतंय मला माहीत नाही, तर तसंच राहू द्या. पोरगी काड्या उचलून नेते हेही त्यांनी बघितलं होतं. बांधावर उगवणाऱ्या झाडाची कसली चोरी, तिचं तिला करू द्या, जरा जास्त टाकत जावा, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

"मग दर रविवारी कशाला यायचे?" मी विचारलं.

"जेवाया की," म्हातारी म्हणाली. "भाकरी, ठेचा, शेंगाची चटणी, कवा वांगं. हितंच भिंतीआड बसायचा. डोळे मिटून खायाचा. मग राखंनं दात घासून चूळ भरायचा, चार-चार येळा. पोरगीला वास लागंल म्हनायचा."

मी कडुलिंबाखाली बसून मोठ्यानं रडले. अप्पा गेले तेव्हाही तशी रडले नव्हते. रडताना एक हलकट विचारही आला की म्हणजे वहीतला एकही आकडा खरा नव्हता, आणि त्याचीही लाज वाटून आणखी रडले. म्हातारीनं मला रडू दिलं. उठताना मी नमस्कार केला तर तिनं हात धरला, आभार मानायचे नसतात म्हणाली.

शीव येईपर्यंत न बोलायला बरोबर कुणी नव्हतंच. गाडीत बसल्यावर मात्र मी ठरवलं की आज अव्वाला सांगायचं, सगळं. तिचा घास आणि अप्पांचं मरण यांचा काही संबंध नाही, हे तिला कळलंच पाहिजे. ती मोकळी होईल, असं मला वाटलं. मीही थोडी होईन, असंही वाटलं.

अव्वा दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, मी काय केलं, गोळ्या, वही, अप्पांना पहिल्यापासून ठाऊक होतं ते. तुझ्या घासानं काही झालेलं नाही, हे मी तीनदा सांगितलं. दर रविवारी ते तिथे पोटभर जेवत होते हे शेवटी सांगितलं. त्यानं तिला बरं वाटेल अशी माझी समजूत होती.

अव्वा ऐकत होती. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. मग तिनं विचारलं की चटणी कुणाच्या हातची होती. मी म्हटलं, त्या म्हातारीच्या.

"व्हय," अव्वा म्हणाली. "म्हंजे परक्या घरी जाऊन खाल्लं त्यांनी. माझ्या हातचं खायाला त्यांना तुझी भीती वाटली."

ती चिडली असती तर मी उलट बोलले असते, तेवढं मला चांगलं येत होतं. पण ती चिडली नव्हती. तिनं ते नुसतं मला सांगितलं, आणि खडे वेचायला लागली.